तळटीप : जांबचा गावकारभार
१. जांब समर्थ : जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. समर्थ रामदासांचे जन्मगाव (शके 1530, इ.स. 1608). त्यांच्या ठोसर घराण्याकडे कुलकर्णीपण होते, असे परंपरा सांगते. पाटील-कुलकर्ण्यांच्या काळातला जमिनीचा हिशेब आता ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या तलाठ्याकडे) असतो. पाणी, दिवाबत्ती, गटारे, स्वच्छता ही कामे ग्रामपंचायतीची. तिचा कारभार 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालतो. वाचकांची गल्लत होते, म्हणून नोंदवतो : शेताचा सातबारा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, तर घराच्या कर आकारणीचा ‘नमुना 8’ ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे). घरपट्टी व पाणीपट्टी हे पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न. मोठ्या कामांना मात्र शासनाच्या निधीचाच आधार. रामनवमीच्या उत्सवात भाविक लोटतात, तेव्हा पाण्याचा व सफाईचा भार वाढतो. करपट्टी मात्र गावकऱ्यांवरच बसते. त्यामुळे तीर्थक्षेत्राच्या छोट्या पंचायतीला जादा निधी देणे हे उपकार नव्हेत, तो न्याय आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. तिथे प्रत्येक मतदार सभासद असतो आणि खर्चाचा जाब विचारू शकतो. गावाने हा हक्क नेटाने वापरावा. — संपा.