बर्फावरचे चाक : हिवाळी टायरच्या निवडीचा इतिहास

१

कॅनडा, जपान किंवा उत्तर युरोप यांसारख्या थंड प्रदेशांत छोटी हायब्रिड मोटारगाडी बाळगणाऱ्या गृहस्थापुढे दर वर्षी शरद ऋतूच्या अखेरीस एक प्रश्न उभा राहतो : हिवाळ्यासाठी कोणते टायर घ्यावेत? वरवर पाहता हा प्रश्न सर्वस्वी घरगुती आहे. दुकानदाराचा सल्ला, शेजाऱ्याचा अनुभव आणि खिशातील पैसा एवढ्यावर त्याचा निकाल लागतो, असा सर्वसाधारण समज असतो. तथापि ज्या पर्यायांतून हा गृहस्थ निवड करतो, ते पर्याय सिद्ध होण्यास सुमारे नव्वद वर्षांचा इतिहास कारणीभूत झाला आहे. आणि त्या इतिहासात कारखानदार व रसायनशास्त्रज्ञ यांच्याइतकाच वाटा सामान्य नागरिक, वकील आणि विधिमंडळे यांचाही आहे. या इतिहासाचे मुख्य टप्पे नमूद करून, चाकाच्या पकडीची किंमत वेळोवेळी कोणी मोजली, याचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढविलेल्या लोखंडी पट्टीला ‘धाव’ म्हणतात. हवेने भरलेला रबरी टायर ही त्याच कुळातील पुढची पायरी आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये तीच कल्पना पुन्हा स्वतंत्रपणे व्यवहारात आणली, हे सुपरिचित आहे. परंतु रबराचा एक स्वभावदोष उष्ण देशांतील लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. थंडी वाढू लागली की रबर ताठर होते. सामान्य उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली आपले मार्दव गमावू लागते, आणि रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत शिरून त्यांना धरून ठेवण्याची त्याची शक्ती कमी होते. त्यातही हिम आणि गोठलेला बर्फ यांत भेद केला पाहिजे. आकाशातून पडलेल्या भुसभुशीत हिमात टायरचे खोल खाचे रुतून पकड घेऊ शकतात. रस्त्यावर पाणी गोठून झालेल्या काचेसारख्या बर्फावर मात्र पाण्याचा एक अतिसूक्ष्म थर असतो आणि चाक त्या थरावरून घसरते. हिवाळी टायरचा सर्व इतिहास या दोन निरनिराळ्या शत्रूंशी झालेल्या झुंजीचा इतिहास आहे, असे म्हटले तरी चालेल.

२

या झुंजीतील पहिले साधन टायरच्या बाहेरचे होते. हॅरी वीड या अमेरिकन गृहस्थाने १९०४ मध्ये चाकावर गुंडाळावयाच्या साखळीचे पेटंट मिळविले. साखळीने पकड मिळे. पण ती चढविण्या-उतरविण्याचा खटाटोप मोठा, आणि मोकळ्या रस्त्यावर ती फारशी उपयोगी नव्हती.

टायरचीच रचना हिवाळ्याला अनुरूप करण्याचे श्रेय फिनलंडकडे जाते. नोकिया गावातील सुओमेन गुम्मितेहदास या रबर कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी आणि १९३६ मध्ये प्रवासी मोटारींसाठी खास हिवाळी टायर बाजारात आणला. दुसऱ्याचे नाव ‘लुमि-हक्कापेलिट्टा’ असे होते. ‘लुमि’ म्हणजे हिम. आणि ‘हक्कापेलिट्टा’ हे तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनचा राजा गुस्ताव अडोल्फ याच्या सैन्यात लढलेल्या फिनी घोडेस्वारांचे नाव. सतराव्या शतकातील स्वारांचे नाव विसाव्या शतकातील टायरला द्यावे, यावरून त्या देशात हिवाळ्यातील प्रवासाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले जात होते, हे कळून येते. या टायरचे बळ मुख्यतः त्याच्या खोल आणि उठावदार नक्षीत होते. हिमात तो चांगला चाले. परंतु नक्षी कितीही खोल असली तरी गोठलेल्या बर्फात ती रुतू शकत नाही, आणि म्हणून दुसरा शत्रू अजिंक्यच राहिला.

त्यावर उपाय निघाला तो धातूच्या खिळ्यांचा. टायरच्या पृष्ठभागात कठीण धातूच्या टोकाचे लहान खिळे बसविण्याची पद्धत १९६० च्या सुमारास रूढ होऊ लागली. वरील फिनी कारखान्याचा पहिला खिळेदार टायर १९६१ मध्ये निघाला. बर्फावर खिळ्यांचा गुण निर्विवाद होता. दशकभरात ते स्कँडिनेव्हिया, जर्मनी, उत्तर अमेरिका आणि जपान येथे पसरले.

परंतु हिवाळ्यातील प्रत्येक दिवस काही बर्फाचा नसतो. कोरड्या रस्त्यावर हेच खिळे डांबर आणि काँक्रीट कुरतडू लागले. चाकांच्या मार्गात लांबच लांब चऱ्या पडल्या, त्यांत पाणी साचू लागले आणि दुरुस्तीचा भार सार्वजनिक तिजोरीवर येऊ लागला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९७१ मध्ये आणि पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये खिळ्यांना बंदी केली. येथे प्रथमच असे स्पष्ट झाले की, एका चालकाला लाभणारी सुरक्षितता इतरांच्या मालमत्तेतून वसूल होत आहे.

३

हा हिशेब नुसत्या रस्त्यापुरता नाही, हे जपानमधील सेन्दाई शहराने जगाला दाखविले. ईशान्य जपानमधील हे शहर पॅसिफिक महासागराच्या बाजूस असल्यामुळे तेथे थंडी कडक, पण हिमवर्षाव त्या मानाने बेताचा असतो. परिणामी हिवाळ्यातील पुष्कळ दिवस रस्ते उघडे असत आणि त्यांवरून हजारो खिळेदार चाके फिरत. घासलेल्या डांबराची धूळ शहरभर उडू लागली. १९८० च्या दशकाच्या आरंभी तिचे प्रमाण इतके वाढले की, शहराला ‘सेन्दाईचे वाळवंट’ असे उपहासाने म्हटले जाऊ लागले. खिडक्या बंद ठेवाव्यात, वाळत घातलेले कपडे काळवंडावेत, चालणाऱ्याने तोंडावर पट्टी बांधावी, अशी स्थिती झाली. धूळ फुफ्फुसांत जाते, हे ध्यानात आल्यावर प्रश्नाचे स्वरूपच पालटले. तो रस्तेखात्याचा न राहता आरोग्याचा झाला.

या प्रकरणात विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, येथे प्रदूषण करणारा आणि प्रदूषणाने गांजलेला हे दोन वेगळे वर्ग नव्हते. कारखान्याच्या धुराविरुद्ध नागरिक उभे राहतात तेव्हा प्रतिपक्ष स्पष्ट असतो. सेन्दाईत मात्र सकाळी खिळेदार चाकांवर कामाला जाणारा मनुष्यच सायंकाळी धुळीची तक्रार करीत होता. खिळे सोडावेत तर बर्फावर जिवाचे भय. ठेवावेत तर श्वासाचे. अशा पेचातून केवळ वैयक्तिक सद्बुद्धीने वाट निघणे कठीण असते, कारण एकट्याने खिळे सोडल्यास धोका त्याचा एकट्याचा, आणि हवा मात्र जशीच्या तशी. म्हणून सर्वांना सारखा लागू होणारा नियम आवश्यक ठरला. सेन्दाई ज्या प्रांताची राजधानी आहे त्या मियागी प्रांताने १९८५ मध्ये या टायरांविषयी अध्यादेश केला. पुढे काही वकिलांनी टायर उत्पादकांविरुद्ध प्रदूषण-तंटा निवारण करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाकडे धाव घेतली आणि १९८८ मध्ये तडजोड झाली : १९९० च्या अखेरीस खिळेदार टायरांचे उत्पादन आणि मार्च १९९१ अखेर त्यांची विक्री थांबवावी. १९९० मध्ये राष्ट्रीय कायदाही संमत झाला. रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाड्या यांसारख्या वाहनांना त्यातून सूट होती.

तथापि इतिहास येथे संपत नाही. सप्पोरो या अतिहिमाच्या शहरात खिळे गेल्यानंतर एक अनपेक्षित परिणाम दिसून आला. खिळे जे बर्फ ओरखडून खरखरीत करीत, तेच बर्फ आता चौकाचौकांत गुळगुळीत चाकांखाली घासले जाऊन आरशासारखे होऊ लागले. १९९० च्या दशकात पादचारी घसरून पडण्याचे प्रमाण वाढले, आणि चौकात वाळूच्या पेट्या ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ती स्वहस्ते पसरावी, अशी सोय करावी लागली. धूळ गेली, हवा निवळली, परंतु किमतीचा काही भाग चालकाकडून पायी चालणाऱ्याकडे सरकला. कोणतीही सुधारणा सर्वांना सारख्याच सवलतीने मिळत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

४

खिळ्यांची जागा घेणारे रबर याच संघर्षाच्या काळात तयार झाले. ब्रिजस्टोन कंपनीने १९८८ मध्ये जपानमध्ये ‘ब्लिझॅक’ नावाचा टायर आणला. त्याच्या रबरात असंख्य सूक्ष्म पोकळ्या होत्या. वर ज्या पाण्याच्या थराचा उल्लेख केला तो थर या पोकळ्यांत शोषला जाई आणि रबर प्रत्यक्ष बर्फाला भिडे. त्याच्या जोडीला पृष्ठभागावर दाट, बारीक चिरा आणि कडक थंडीतही मऊ राहणारे मिश्रण, अशी ही योजना होती. मिशलँ कंपनीने १९९२ मध्ये नेहमीच्या काजळीऐवजी सिलिका वापरून घर्षणाने वाया जाणारी ऊर्जा कमी करणारा टायर काढला, त्याचाही पुढे हिवाळी रबराला मोठा उपयोग झाला. कारण सिलिकायुक्त मिश्रण थंडीत लवचिक राहते.

याच पार्श्वभूमीवर हायब्रिड गाडीचा उदय झाला. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर या दोहोंवर चालणारी टोयोटाची ‘प्रियस’ डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. त्याच महिन्यात क्योटो येथे हवामानविषयक करार झाला, हा योग लक्षणीय आहे. अशा गाडीचे सारे प्रयोजनच इंधनाची बचत हे असल्यामुळे तिला टायरही सहज गडगडणारे, म्हणजे कमी ऊर्जा खाणारे, दिले जातात. उलटपक्षी, उत्तम हिवाळी टायर मऊ आणि खोल खाचांचा असतो. प्रत्येक फेऱ्यात त्याचे खाचे वाकतात, पुन्हा सरळ होतात आणि त्यात ऊर्जा खर्च होते. काटकसर आणि पकड यांचा जुनाच विरोध येथे एका लहान गाडीच्या चार चाकांत एकवटला आहे.

तरीही लहान हायब्रिड गाडी या विरोधात अगदीच दुबळी नाही. तिचे टायर सहसा अरुंद असतात; दुसऱ्या पिढीच्या प्रियसच्या टायरची रुंदी १८५ मिलिमीटर होती. अरुंद चाक भुसभुशीत हिम आणि चिखलपाणी कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचते, तर रुंद चाक त्यावर तरंगू पाहते. म्हणून दिसण्याच्या मोहाने हिवाळ्यासाठी रुंद चाके बसविणे हे दुप्पट नुकसानीचे आहे. दुसरी गोष्ट ब्रेकची. हायब्रिड गाडी वेग कमी करताना चाकांच्या गतीपासून वीज परत मिळविते, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे काम पुढचीच चाके करतात. चाक घसरू लागले की ही व्यवस्था बाजूला सरून साधे ब्रेक काम करू लागतात. पकड नसलेल्या टायरमुळे सुरक्षिततेबरोबरच परत मिळणारी वीजही काही अंशी हातची जाते. काटकसर आणि पकड यांचे वैर आहे, तसे थोडेसे सख्यही आहे.

५

आता निवडीच्या चौकटीकडे वळू. ही चौकट आज बहुतांशी कायद्याने आखलेली आहे. स्वीडनने १९९९ पासून हिवाळी टायर सक्तीचे केले. कॅनडातील क्वेबेक प्रांताने २००८-०९ च्या हिवाळ्यापासून तीच सक्ती आणली. आरंभी १५ डिसेंबरपासून असलेली मुदत २०१९ पासून १ डिसेंबरला सुरू होते. माँट्रियलमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या वार्षिक खर्चात या नियमाने एक कायमची बाब घातली आहे. नॉर्डिक देशांत खिळे अद्याप चालतात, पण तेथेही सेन्दाईचा प्रश्न उद्भवला. स्टॉकहोमने २०१० पासून होर्न्सगाटान या रस्त्यावर खिळेदार टायरांस मनाई केली, ती हवेतील धुळीमुळेच.

टायरवरील चिन्हांचाही इतिहास आहे. ‘एम+एस’ ही जुनी अक्षरे चिखल आणि हिम यांची निदर्शक असली, तरी ती उत्पादकाने केवळ नक्षीच्या आधारे घातलेली असत. त्यांमागे कसोटी नव्हती. १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेत तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, असे चिन्ह सुरू झाले. ते मिळण्यासाठी हिमावरील चाचणीत प्रमाण टायरपेक्षा ठरावीक अंशाने सरस ठरावे लागते. परंतु ही चाचणी हिमाची आहे, गोठलेल्या बर्फाची नव्हे. युरोपीय संघाने मे २०२१ पासून लागू केलेल्या नव्या पत्रकावर हिमाबरोबर बर्फाचेही स्वतंत्र चिन्ह आले, आणि त्याच पत्रकावर इंधनबचतीची श्रेणीही दिलेली असते. हिम आणि बर्फ हे दोन निराळे शत्रू आहेत, हा चालकांचा जुना अनुभव राजमान्य होण्यास इतकी वर्षे लागली.

यावरून छोट्या हायब्रिड गाडीच्या धन्याने काढावयाचा निष्कर्ष असा. प्रथम आपला हिवाळा कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. रस्ते बहुतेक ओले आणि केवळ थंड असतील, तर मध्य युरोपीय पद्धतीचा टायर पुरतो, आणि त्यात इंधनाची श्रेणी पाहणे योग्य ठरते. आठवडेच्या आठवडे बर्फ राहत असेल, तर अधिक मऊ रबराचा बिनखिळी उत्तरी टायर घ्यावा आणि बचतीचा थोडा त्याग करावा. गावाबाहेरचे निर्जन, सदा गोठलेले रस्ते असतील आणि कायदा अनुमती देत असेल, तरच खिळ्यांचा विचार करावा. गाडीला मान्य असलेल्या मापांतील अरुंद माप पसंत करावे. चारही चाके एकसारखी असावीत. केवळ पुढच्या चाकांना पकड दिल्यास मागची बाजू भलतीकडे जाते. आणि झिजलेला हिवाळी टायर हा नावापुरताच हिवाळी असतो, हे विसरू नये. फिनलंड व स्वीडन या देशांत त्याची खाच किमान ३ मिलिमीटर, तर ऑस्ट्रियात ४ मिलिमीटर असावी लागते.

या निवडीत बर्फावर सुखरूप थांबणे हा चालकाचा हक्क आहे, यात शंका नाही. परंतु त्या हक्काची किंमत मिनेसोटात रस्त्याने, सेन्दाईत फुफ्फुसांनी आणि सप्पोरोत पादचाऱ्यांनी मोजली. आजचा बिनखिळी टायर हा या देण्याघेण्यातून निघालेला तात्पुरता समझोता आहे. टायरांच्या झिजेतून सुटणाऱ्या सूक्ष्म कणांविषयी आज जी चिंता व्यक्त होत आहे, ती पाहता या समझोत्याचीही फेरतपासणी पुढेमागे व्हावयाचीच. ती करताना चालकाच्या शेजारी कोण राहतो आणि कोण चालतो, हा प्रश्न सेन्दाईकरांप्रमाणे आरंभीच विचारला गेला, तर या इतिहासाच्या अभ्यासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.