दोन आण्यांची जमीन

शाळेजवळच्या माळावर मुलांना नेऊन 'ही जमीन कशी आहे?' असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : 'पडीक!' हा शिक्का कुठून आला, हे पाहू गेल्यास बरेच मागे जावे लागते.

१८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीच्या आकारणीचे काम नव्याने हाती घेतले. आधीच्या, प्रिंगल यांच्या आकारणीचा बोजा शेतकऱ्यांना पेलला नव्हता. नव्या पद्धतीत मातीचा पोत, रंग आणि खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती ठरवण्यात आल्या. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत पक्की केली. पावणेदोन हात, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर खोलीची बारीक पोताची काळी जमीन सोळा आण्यांची; तर शेवटची प्रत अवघ्या दोन आण्यांची. उथळ, खडेमिश्रित, भुरकट जमीन साहजिकच तळाला गेली.

सारा ठरवण्यापुरते हे वाजवी होते. पण मोजपट्टी पिकाची होती, गवताची नव्हती. पुढे सारा हलका झाल्यावर पडीक जमिनीही नांगराखाली येऊ लागल्या.

आता हीच जमीन गवताच्या बाजूने पाहू. बेसाल्ट खडक झिजून मुरूम होतो आणि त्यावर वीतभर मुरमाड माती साठते. २ मिलिमीटरपेक्षा मोठे कण म्हणजे खडे. ते पाणी फारसे धरत नाहीत. मातीचा निम्मा भाग खड्यांचा असेल, तर ओलही जवळपास निम्मीच टिकते. म्हणून पीक लवकर सुकते. गवताची तंतुमुळे मात्र ही थोडी ओल चटकन उचलतात. शिवाय पृष्ठभागावरचे खडे पावसाच्या थेंबांचा मारा झेलतात आणि वाहत्या पाण्याला अडवतात. नांगराने गवताचे आच्छादन मोडले, की खड्यांमधली बारीक माती वाहून जाते. ती पुन्हा तयार व्हायला शतके लागतात.

अति चराईनेही हेच घडते. आधी मारवेल, पवन्या ही चांगली गवते जातात. मग कुसळी माजते. शेवटी उघडा मुरूम उरतो. उपाय साधा आहे. माळाचे भाग पाडावेत, पाळीपाळीने चारावेत आणि एक भाग पावसाळ्यात बी गळेपर्यंत राखावा. जुन्या काळी राखलेल्या कुरणांमागे हेच शहाणपण होते.

पण शिक्का पुसला गेला नाही. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. माळांवर चर खणून झाडे लावणे म्हणजे 'विकास', असे अनेक ठिकाणी मानले गेले. सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील माळांवर १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झाले. आज तिथे माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. उघडा माळ हेच त्याचे घर होते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. माळाची आणि शेताची माती सारख्या मापाने घ्या. दोन्ही चाळून खडे वेगळे करा व मोजा. मग तसेच न चाळलेले नमुने तळाला भोके पाडलेल्या डब्यांत भरून सारखे पाणी ओता आणि किती पाझरते ते पाहा. शेवटी मुलांनाच विचारा : या जमिनीची किंमत दोन आणे कोणी ठरवली, आणि कशासाठी?