केडगावच्या मुली

पुण्याहून दौंडला जाताना केडगाव स्टेशन लागते. तिथल्या मुक्ती मिशनची गोष्ट आज सांगते.

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांना सांभाळणार कोण? मिनी अब्रॅम्स ही अमेरिकन मिशनरी बाई मदतीला आली आणि वर्षानुवर्षे राहिली. तिच्या जोडीला शारदा सदनातल्या मोठ्या मुली, बालविधवा उभ्या राहिल्या. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळात गेले होते. भूक त्यांना ठाऊक होती.

त्याआधीच, १८९३ मध्ये, धर्मांतराच्या वादावरून रानडे-भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. तो आक्षेप मला पोकळ वाटत नाही. ज्याच्या हातचे खायचे, त्याला लहान मुलगी 'नाही' कशी म्हणेल? पण त्या मुलींना आणायला आपल्यातले किती निघाले, हेही विचारायला हवे.

हल्ली पुष्कळ तरुण आठ-पंधरा दिवस अनाथाश्रमात सेवेला जातात. जरूर जावे. फक्त पोरांना लळा लावण्याआधी पुन्हा कधी येणार, ते ठरवून जावे.