बाळंतविड्यातले मोजे

सटाण्यात पायाला मोजा चढतो तो शाळेच्या गणवेशाबरोबर, आणि शाळा संपली की बहुधा कायमचा उतरतो. द्राक्षबागेत, कांद्याच्या वाफ्यात, बाजार समितीच्या आवारात चपलेचंच राज्य. मार्गशीर्षात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते तेव्हा आरम नदीकडून येणारा वारा चांगलाच बोचतो. माणसं कानटोपी घालतात, मफलर गुंडाळतात, शाल पांघरतात. पाय मात्र उघडेच. याला अपवाद एकच, तो म्हणजे तान्हं बाळ. ज्याला अजून जमिनीवर पाऊल टेकायचं नाही, त्याच्याच पायात हातानं विणलेले लोकरी मोजे असतात. ते बाजारातून आलेले असतीलच असं नाही. आजी, मावशी, आत्या, शेजारच्या काकू, यांपैकी कुणीतरी ते विणून बाळंतविड्यात ठेवलेले असतात.

चपलेच्या मुलखात मोजा आला कुठून, आणि आला तो नेमका बाळाच्याच पायाशी का राहिला, याची ही कुळकथा.

लोकर आपल्याला नवी नव्हती. सटाण्याच्या या बागलाणात आणि शेजारच्या साक्री भागात मेंढरांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहेत. धनगरांनी मेंढरं कातरायची, लोकर पिंजून तिचं सूत काढायचं, सणगरांनी मागावर घोंगडी विणायची, असा तो व्यवहार. सोवळ्यात लोकरीला मान होता. धाबळी नेसून देवपूजा आणि स्वयंपाक चाले. पण हे सगळं मागावरचं काम. उभे धागे ताणायचे आणि त्यांतून आडवा धागा काढायचा. मोज्याचं विणकाम वेगळ्या जातीचं. त्यात धागा एकच, त्याच्या फासात दुसरा फास, दुसऱ्यात तिसरा. मागावरचं कापड ताणलं तर फारसं हलत नाही. फासांचं कापड ओढलं की पसरतं आणि सोडलं की पुन्हा आक्रसतं. पोटरी, घोटा, टाच आणि चवडा अशा वेड्यावाकड्या आकारावर नीट बसायला असंच कापड लागतं. त्यातून दख्खनी मेंढीची लोकर राठ. घोंगडीला ती उत्तम, पाऊसही सोसते. पण तान्ह्या बाळाच्या पायाला ती टोचणारच. म्हणजे मोज्यासाठी दोन गोष्टी बाहेरून यायला हव्या होत्या, फासांचं तंत्र आणि मऊ लोकर.

तंत्राचा जुना माग इजिप्तमध्ये लागतो. तिथल्या ऑक्सिरिंकस या प्राचीन गावाच्या दफनभूमीत लाल लोकरीच्या मोज्यांचा एक जोड सापडला. तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि त्याचा काळ इसवी सन २५० ते ४२० असा धरला जातो. त्या मोज्यांना अंगठ्याची खोबण वेगळी आहे, कारण ते चपलेत घालायचे होते. आपल्याकडे अंगठ्याचे मोजे घालणाऱ्याला लोक हसतात. पण जगातल्या सर्वांत जुन्या मोज्यांपैकी एक जोड अंगठ्याचाच आहे. मात्र तो दोन सुयांवरचा नाही. एका जाड सुईत धागा ओवून, फासातून फास काढत तो केलेला आहे. खऱ्या अर्थानं सुयांवर विणलेले जुने नमुनेही इजिप्तचेच. ते साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले, सुती, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे. थंडीसाठी म्हणून ओळखली जाणारी ही वस्तू उष्ण देशात आणि कापसाच्या धाग्यावर वाढली, हे ऐकून नवल वाटतं.

तिथून ही कला भूमध्य समुद्राच्या काठाकाठानं स्पेन-इटलीत गेली. आज कुणीही शिकायला बसलं की पहिल्या दिवशी सुलट टाका शिकतं आणि दुसऱ्या दिवशी उलट. इतिहासात मात्र या दोन दिवसांमध्ये काही शतकं गेलेली दिसतात. कारण सोपं आहे. मोजा चार-पाच सुयांवर गोल नळीसारखा विणला तर उलट टाक्याची गरजच पडत नाही. फिरत फिरत सुलटच विणत जायचं. उलट टाक्याचा एक जुना पक्का पुरावा म्हणजे फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा हिचे रेशमी मोजे. ती १५६२ साली वारली आणि ते मोजे घालूनच तिला पुरलं. थडगं उघडलं तेव्हा त्यांवर सुलट-उलट टाक्यांची नक्षी सापडली.

त्याच सुमाराची इंग्लंडची एक गोष्ट आपल्या विषयाला जवळची आहे. राणी एलिझाबेथला १५६० च्या सुमारास तिच्या सेवेतल्या मिसेस माँटेग्यू नावाच्या बाईनं नववर्षाची भेट म्हणून हातानं विणलेले काळे रेशमी मोजे दिले. राणीला ते इतके आवडले म्हणे, की कापडातून शिवलेले मोजे तिनं पुन्हा घातले नाहीत. पुढे १५८९ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या काल्व्हर्टन गावच्या विल्यम ली यानं मोजे विणायचं यंत्र केलं. हातानं विणून पोट भरणाऱ्या गरिबांचं काय होईल, असं म्हणून राणीनं त्याला हक्क नाकारल्याचं सांगतात. यंत्र काही त्यामुळे थांबलं नाही. तीनेकशे वर्षांत बाजारातला मोजा यंत्राचा झाला आणि हाताच्या मोज्याकडे भेटीपुरतं काम उरलं. आपल्याकडे तो पोचला तो त्या उतारवयात.

सुरत आणि दख्खन यांच्या मधला मुलूख म्हणून बागलाणानं परदेशी व्यापारी सतराव्या शतकापासून पाहिले. इथल्या मुल्हेरची महमुदी नाणी त्यांच्या हिशेबात असत. पण त्यांचे मोजे त्यांच्याच पायात राहिले. बूट घातल्याशिवाय मोज्याला काम नाही, आणि बूट घातले ते पुढे फौजेनं, पोलिसांनी, कचेरीतल्या साहेबांनी. घरात मोजा शिरला तो पायांतून नव्हे, मुलींच्या हातांतून. मार्गारेट विल्सन यांनी १८२९-३० मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या; सिंथिया फॅरार १८३९ मध्ये अहमदनगरला आल्या. अशा मिशनरी शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकाम असे. आपल्याच जिल्ह्यात, नाशिकजवळ शरणपूरला, १८५४ च्या सुमारास ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. तिथेही मुलांना सुतारकी-लोहारकी आणि मुलींना सुईकाम अशी वाटणी होती. पुढे १८८४ ची पुण्याची हुजूरपागा आली, १९०९ चं पुण्याचं सेवासदन आलं, आणि शिवण, भरतकाम, विणकाम ही शिकलेल्या मुलीची ओळखच झाली. सुधारणेच्या विरोधकांनाही निदान यावर बोट ठेवता येईना. सुई हातात असली की मुलगी घरातलीच वाटे.

मऊ लोकर आधी विलायतेहून यायची. मग देशात गिरण्या निघाल्या. ‘लाल इमली’ या छापानं घराघरांत पोचलेली कानपूरची गिरणी १८७६ ची, आणि पंजाबातली धारिवालची तिच्या पाठोपाठची. त्यांच्या लोकरीच्या लड्या रेल्वेनं गावोगाव जाऊ लागल्या. एकीनं दोन्ही हात पुढे करून लडी धरायची आणि दुसरीनं तिचा गुंडा करायचा, हे दृश्य तेव्हापासूनचं.

मोठ्या माणसांसाठी मोजे विणायची वेळ या बायकांवर आली ती युद्धांत. पहिल्या महायुद्धात लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं मुंबई इलाख्यातल्या स्त्रियांनी सैनिकांसाठी कपडे आणि गरम वस्तू तयार करून पाठवल्या. मोज्याचं टोक शिवण न दिसू देता बंद करायचा जो टाका आहे, त्याला त्याच युद्धातल्या लॉर्ड किचनरचं नाव चिकटलं. हा किचनर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. शिवणीची धार बोटांना घासली की कूच करणाऱ्या शिपायाचे पाय सोलतात, म्हणून त्या टाक्याचं महत्त्व.

दुसरी वेळ १९६२ च्या ऑक्टोबरची. सुती कपडे आणि कॅनव्हासचे बूट घातलेले जवान हिमालयात चीनशी लढताहेत हे कळलं, आणि देशभर सुया चालू झाल्या. शाळांत, मंडळांत, वाड्यांच्या ओट्यांवर स्वेटर, मफलर, हातमोजे, पायमोजे विणले गेले. जवानाच्या मोज्यात खरी परीक्षा असे ती टाचेची. नळीसारखं विणत घोट्याशी यायचं, निम्मे टाके थांबवायचे आणि उरलेल्या निम्म्यांवर मागेपुढे करत चौकोनी पट्टी विणायची. मग पट्टीच्या मधल्या काही टाक्यांवरच जायचं, तिथे दोन टाके एकत्र करायचे, काम उलटं फिरवायचं, तसंच परत यायचं. दर फेरीला एकेक टाका गिळत गेलं की सपाट पट्टीला आपोआप वाटीसारखा खोलगटपणा येतो. तीच टाच. शेवटी पट्टीच्या दोन्ही कडांवरून टाके उचलून ते थांबवलेल्या टाक्यांत मिसळायचे, की पाऊल सुरू. ज्यांना हे साधलं त्यांना पुढे काहीच अवघड वाटलं नाही. बऱ्याच जणींनी मात्र मफलरवर भागवलं.

बाळाच्या मोज्याला ही टाच लागतच नाही, आणि तो इथे टिकला त्याचं निम्मं कारण यात आहे. चालतं माणूस एखाद्या सुताच्या चुकीवर कुरकुरतं. बाळाचं पाऊल गोलच असतं. दोन सुया पुरतात, दहा किंवा अकरा नंबरच्या. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नवशिकीला आधी सांगावं लागतं. छत्तीस टाके घालायचे. नडगीपुरती पट्टी झाली की एका ओळीत धागा पुढे घेऊन आणि दोन टाके एकत्र विणून जाळी पाडायची. तिच्यातून पुढे गोंड्याची दोरी ओवतात. मग टाक्यांचे बारा-बारा-बारा असे तीन भाग करायचे आणि फक्त मधल्या बारांवर वीस ओळी विणायच्या. ती पावलाची वरची जीभ. जिभेच्या दोन्ही कडांवरून दहा-दहा टाके उचलले की सुईवर छप्पन्न होतात. त्यांवर दहा ओळी विणून उंची भरली की टाके बंद करून तळवा आणि मागची बाजू शिवून टाकायची. उरलेलं टोक आत ओवून पक्कं करायचं. आतला सुटा धागा बाळाच्या बोटाला वेढला तर बोट सुजतं, म्हणून मुरलेली विणणारी मोजा उलटा करून आधी आतली बाजू तपासते.

उरलेलं निम्मं कारण बाळंतविड्यात आहे. झबली, टोपडी, कुंची, दुपटी आणि बाळंतिणीसाठी खारीक, खोबरं, डिंक हा विडा आधीपासूनच हाताच्या कष्टाचा. कुंची घरी शिवलेली, दुपटं जुन्या लुगड्याचं. त्यात विणलेला मोजा शिरला तो पाहुण्यासारखा नाही, टोपड्याचा धाकटा भाऊ म्हणून. पुष्कळ घरांत बाळ जन्मण्याआधी तयारीचा गाजावाजा करत नाहीत, आणि ग्रहणात तर गरोदर बाईनं सुई हाती धरायची नाही. म्हणून हे विणकाम दुसरीच कुणीतरी गुपचूप करते. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्यानं बंदी आली. मुलगा की मुलगी ते विणणारीला ठाऊक नसतं, म्हणून गुंडा निवडायचा तो पांढरा, पिवळा किंवा पोपटी. कार्यानुभवाच्या तासाला शाळेत शिकलेलं आणि महिलांच्या मासिकांतल्या नमुन्यांवरून वाढवलेलं हे कौशल्य इथेच कामी येतं.

या व्यवहारात पैसा नाही, पण हिशेब आहे. तिनं माझ्या लेकीच्या वेळी दिले, मी तिच्या सुनेच्या वेळी देईन, असा तो पंधरा-वीस वर्षं उघडा राहणारा. मोज्याबरोबर नमुनाही फिरतो: जाळीच्या ओळीपुढे किती ओळी, गोंडा कसा, जीभ किती लांब. आज दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळतं ते बहुतेक लुधियानाकडचं ॲक्रिलिक असतं. त्यात मेंढीचा केसही नसतो. पण ते टोचत नाही, धुतलं तरी आटत नाही, आणि बाळाच्या कपड्याला रोजच धुणं असतं. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्या मुलीही टाके छत्तीसच घालतात.

यंत्राचा मोजा स्वस्त आहे, सुबक आहे, मापात आहे. हातचा मोजा मापात असेलच असं नाही, आणि तसा असावा अशी कुणाची अपेक्षाही नसते. सैल झाला तर याच बाळाला पुढच्या महिन्यात होतो, आणि घट्ट झाला तर नात्यातल्या पुढच्या बाळाला.