दाराशी आलेली सुगंधी पेटी

दारावर येऊन माल विकणे ही गोष्ट आपल्या समाजास नवी नाही. बांगड्यांच्या माळा घेऊन येणारी कासारीण, जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण, लाकडी पेटीत कुप्या मांडून हिंडणारा अत्तरवाला, ही माणसे पिढ्यानपिढ्या आपल्या ओट्यावर टेकत आली आहेत. परंतु त्यांचा तो पिढीजात धंदा होता. संसाराचा सारा भार त्यावरच चाले. स्वतःचे घर सांभाळून, शेजारणीपाजारणींस सुगंधी द्रव्ये व प्रसाधने विकून, संसारास चार पैशांची जोड देणारी गृहिणी ही व्यक्ती मात्र निराळी होय. तिचा उदय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत झाला. आज आपल्या शहरांतील पुष्कळ घरांतून याच धर्तीचा उद्योग चालतो. म्हणून तो मूळ कसा उभा राहिला, त्यात कोणाचा लाभ झाला आणि जोखीम कोणाच्या पदरी पडली, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

डेव्हिड मॅकोनेल नावाचा एक तरुण न्यूयॉर्क राज्यात दारोदार पुस्तके विकीत असे. पुस्तकांकडे गृहिणींचे लक्ष वेधावे म्हणून तो सोबत अत्तराची लहानशी कुपी भेट देई. थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानी आले की, पुस्तकापेक्षा कुपीचीच चाह अधिक आहे. तेव्हा पुस्तके बाजूस सारून त्याने इ. स. १८८६ साली न्यूयॉर्क शहरी अत्तरांचा धंदा मांडला. त्याला त्याने ‘कॅलिफोर्निया परफ्यूम कंपनी’ असे नाव दिले. कंपनी होती पूर्व किनाऱ्यावर आणि नाव होते पश्चिम किनाऱ्याचे. कारण कॅलिफोर्निया म्हटले की फुलांचे ताटवे डोळ्यांपुढे उभे राहत. पहिल्या मालात पाच सुवासांचा एक संच होता.

मॅकोनेलची खरी चतुराई मात्र अत्तरात नव्हती. ती विक्रीच्या रीतीत होती. न्यू हॅम्पशर प्रांतातील विंचेस्टर या लहान गावी राहणाऱ्या श्रीमती पर्सिस आल्बी या पन्नाशीच्या गृहिणीस त्याने आपली पहिली प्रतिनिधी नेमले. त्या नुसता माल विकीत नसत. गावोगाव जाऊन होतकरू स्त्रिया हेरीत, त्यांस काम समजावून देत आणि आपापल्या गावाचा मुलूख त्यांच्या हाती सोपवीत. सुमारे वीस वर्षांत प्रतिनिधींची संख्या दहा हजारांच्या घरात गेली.

हे यश केवळ सुवासाचे म्हणता येणार नाही. त्या काळी अमेरिकेचा फार मोठा भाग खेड्यांत व लहान गावांत वसलेला होता. शहरातील झगमगीत दुकाने दूर. आगगाडी आणि टपाल मात्र दूरवर पोहोचलेले. माल कारखान्यातून निघून गावाच्या स्टेशनापर्यंत सुखरूप येई. अडचण होती ती स्टेशनापासून उंबरठ्यापर्यंतच्या वाटेची. ती वाट गावातलीच ओळखीची स्त्री जितक्या सहजतेने चाले, तितकी परका फिरस्ता चालू शकत नसे. त्यातून प्रसाधनांविषयी सभ्य घरांत थोडा संकोचही होता. चारचौघांत दुकानात जाऊन जे मागावयास स्त्री कचरली असती, ते ती स्वयंपाकघरात बसून शेजारणीकडून निवांतपणे घेई.

विकणाऱ्या स्त्रीच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. सुखवस्तू घरातील विवाहितेने नोकरीस जाणे प्रतिष्ठेस शोभत नसे. मतदानाचा राष्ट्रव्यापी हक्क तर अमेरिकेतील स्त्रियांस १९२० साली मिळाला. अशा परिस्थितीत घरचे काम उरकून दुपारी दोन तास बाहेर पडावे, मागण्या लिहून घ्याव्यात, माल आला की पोहोचवावा आणि आपला मेहनताना मोजून घ्यावा, ही सोय तिला मोलाची वाटली यात नवल नाही. त्या पैशाला तिचे स्वतःचे असे नाव होते. कोणी त्यातून मुलाची फी भरली असेल, कोणी हिवाळ्याचा कोट घेतला असेल. रक्कम लहान असली तरी ती खर्च करताना कोणास विचारावे लागत नसे.

या चित्राची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. प्रतिनिधी ही कंपनीची नोकर नव्हे, असाच हा करार होता. तिला पगार नव्हता; ज्या दिवशी विक्री नाही त्या दिवशी प्राप्ती नाही. गिऱ्हाइकाने पैसे थकविले, पावसात फेरी फुकट गेली, किंवा आजारपणात महिना रिकामा गेला, तर ते तिचे तिलाच सोसावे लागे. म्हणूनच पुष्कळ स्त्रिया थोडे महिने काम करून ते सोडून देत आणि त्यांच्या जागी नव्या येत. धंदा टिकला तो कंपनीचा. व्यक्ती मात्र बदलत राहिल्या. ‘आपण आपले धनी’ या शब्दांत स्वातंत्र्य होते हे निर्विवाद. पण त्याच शब्दांत एकटेपणही दडलेले होते.

याच काळात त्याच देशात या उद्योगाचा दुसरा प्रवाह वाहू लागला होता, आणि त्याचा उगम फार निराळ्या भूमीत होता. सारा ब्रीडलव्ह ही लुइझियाना प्रांतातील डेल्टा या गावी १८६७ साली जन्मली. तिचे आईबाप कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. गुलामगिरी संपल्यानंतर त्या घरात जन्मलेले ती पहिले अपत्य. सातव्या वर्षी ती पोरकी झाली, चौदाव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि विसाव्या वर्षी ती विधवा झाली. पदरी एक लहान मुलगी. सेंट लुई शहरी येऊन तिने अनेक वर्षे लोकांचे कपडे धुतले. दिवसभर धुणाचे पिंप आणि कपडे घासण्याची फळी यांपाशी राबून हाती पडे ते दीड डॉलरच्या आसपास.

त्यावेळी तिचे केस झडू लागले होते. त्याच शहरात ॲनी टर्नबो, पुढे ज्यांना ॲनी मलोन म्हणून ओळखू लागले, त्या कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी केशवर्धक द्रव्ये करून दारोदार विकीत असत. सारा काही काळ त्यांचाच माल विकू लागली. १९०५ साली ती डेन्व्हर शहरी गेली, पुढल्या वर्षी चार्ल्स वॉकर यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ‘मॅडम सी. जे. वॉकर’ या नावाने तिने स्वतःचे द्रव्य विकावयास काढले. मलोन यांनीही १९०६ साली आपल्या मालाचे ‘पोरो’ हे नाव नोंदवून घेतले. कृती मूळ कोणाची यावरून दोघींत वितुष्ट आले. परंतु दोघींनीही हजारो स्त्रियांस काम शिकविले, यात वाद नाही. वॉकर यांनी १९१० साली इंडियानापोलिस येथे आपले ठाणे केले व तेथे कारखाना उभारला. मलोन यांचे ‘पोरो कॉलेज’ १९१८ साली सेंट लुई येथे उघडले.

येथे एक भेद नीट लक्षात घेतला पाहिजे. आल्बी यांच्या मैत्रिणींस हा उद्योग म्हणजे संसाराची जोड होता. कृष्णवर्णीय स्त्रीस तो बहुधा सुटकेचा मार्ग होता. कारण दुसऱ्याच्या घरी धुणे किंवा स्वयंपाक यांवाचून तिला उघडी असलेली दारे फार थोडी. तोच धंदा, तीच पेटी, तीच दारोदारची पायपीट. पण एकीस ती फावल्या वेळची मिळकत, तर दुसरीस मालकिणीच्या दारातून बाहेर पडण्याची वाट.

या वाटेची योग्यता प्रतिष्ठितांच्या ध्यानी यावयास वेळ लागला. १९१२ साली शिकागो येथे कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघाचे अधिवेशन भरले होते. बुकर टी. वॉशिंग्टन हे अध्यक्ष. त्यांनी मॅडम वॉकर यांस बोलण्याची संधी दिली नाही. तेव्हा अखेरच्या दिवशी त्या आपण होऊन उभ्या राहिल्या आणि कापसाच्या शेतातून धुणाच्या पिंपापर्यंत, तेथून स्वयंपाकघरापर्यंत व पुढे स्वतःच्या कारखान्यापर्यंत आपण कशा आलो, ते त्यांनी भर सभेत सांगितले. पुढल्याच वर्षी त्याच संघाने त्यांस सन्मानाने व्याख्यानास बोलाविले.

परंतु वॉकर यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य ते भाषण नव्हे. त्यांनी आपल्या प्रतिनिधींच्या स्थानिक मंडळ्या स्थापिल्या, वर्गणीतून अडीअडचणीस साहाय्य करण्याची व्यवस्था केली, आणि १९१७ साली फिलाडेल्फिया येथे दोनशेहून अधिक प्रतिनिधींचे अधिवेशन भरविले. तेथे बक्षिसे वाटली गेली ती केवळ अधिक माल विकणाऱ्यांस नव्हेत. ज्या मंडळ्यांनी दानधर्मात पुढाकार घेतला त्यांसही. त्याच सभेने ईस्ट सेंट लुई येथील कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडाचा निषेध करणारी तार राष्ट्राध्यक्ष विल्सन यांस पाठविली. केसांचे तेल विकणाऱ्या स्त्रिया राष्ट्राध्यक्षांस जाब विचारीत होत्या! दारोदार एकटी हिंडणारी स्त्री येथे प्रथमच संघटित झालेली दिसते. १९१९ साली वॉकर वारल्या तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या.

पहिल्या प्रवाहाचे पुढील वृत्त थोडक्यात सांगता येईल. मॅकोनेल १९३७ साली निवर्तले. १९३९ साली कंपनीने ‘एव्हॉन’ हे नाव धारण केले. १९५४ पासून दारावरील घंटेच्या नादाची तिची जाहिरात अमेरिकेत घरोघर ऐकू येऊ लागली. पुढे गृहिणीच नोकरीस जाऊ लागल्या, तेव्हा घंटा वाजली तरी दार उघडावयास कोणी नसे. आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे: ज्या कंपनीचा सारा व्याप स्त्रियांच्या पायपिटीवर उभा होता, तिच्या प्रमुखपदी पहिली स्त्री, अँड्रिया जुंग, १९९९ साली आली, म्हणजे स्थापनेनंतर एकशे तेरा वर्षांनी. कर्ज व खटले यांच्या भाराखाली याच अमेरिकी कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाकडे दिवाळखोरीतील संरक्षण मागितले.

दरम्यान या व्यवसायास एक नवे वळण लागले. माल विकण्यापेक्षा विक्रेते जमविण्यातच अधिक पैसा आहे, असे काहींस दिसू लागले. एकाने दहांस भरती करावे, त्या दहांनी शंभरांस, आणि प्रत्येकाच्या खरेदीचा वाटा वरच्याकडे जावा, ही साखळी गणिताच्या नियमानेच तुटते. कारण शंभरांचे हजार आणि हजारांचे लाख होता होता गावच संपते. अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे १९७९ साली अ‍ॅमवे या कंपनीचा खटला चालला, तेव्हा ती कंपनी अशी बेकायदा साखळी नव्हे असा निर्णय झाला. कारण माल परत घेण्याचा आणि प्रत्यक्ष गिऱ्हाइकांस विक्री केलीच पाहिजे असा तिचा नियम होता. १९८२ च्या कायद्याने तेथे करापुरते असेही ठरले की, लेखी कराराने काम करणारे असे विक्रेते नोकर नव्हेत. जोखीम कोणाची, या जुन्या प्रश्नास कायद्याने जुनेच उत्तर दिले.

आपल्या देशात पाश्चात्त्य पद्धतीच्या अशा प्रसाधन कंपन्या १९९० नंतरच्या दशकात आल्या. साखळी योजनांस बंदी घालणारा कायदा मात्र १९७८ पासूनच अस्तित्वात होता. त्यास पूरक म्हणून थेट विक्रीविषयीचे नियम डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झाले. त्यांनुसार विक्रेत्याने ओळखपत्रावाचून व आगाऊ संमतीवाचून कोणाच्या घरी जाऊ नये, आणि आपण कोण व कशासाठी आलो हे आरंभीच खरे सांगावे. आल्बी यांच्या काळी जे काम ओळखीने भागत होते, त्यास आता लेखी नियमाचा आधार लागतो.

एवढ्या इतिहासावरून एक साधा हिशेब निघतो. समजा, एखाद्या भगिनीने महिन्यात दोन हजार रुपयांचा माल विकला आणि तिला पाचशे रुपये सुटले. त्यातून बसभाडे, नमुन्यांचा खर्च, उधारीत बुडालेली रक्कम आणि कपाटात पडून राहिलेला माल वजा केला पाहिजे. उरलेल्या रकमेस खर्ची पडलेल्या तासांनी भागिले म्हणजे खरी मजुरी कळते. मिळकत गिऱ्हाइकाच्या समाधानातून आली की नव्याने भरती झालेल्या मैत्रिणीच्या पाकिटातून, हेही त्याच वहीत लिहावे. न विकलेला माल परत जातो की आपल्याच घरी राहतो, हे सही करण्यापूर्वी विचारावे.

हा हिशेब ज्या घरी चोख राहील, तेथे ही सुगंधी पेटी आजही संसारास खरी जोड देऊ शकेल. आणि एकट्याने तो पेलत नसेल, तर चौघींनी मिळून मंडळी करावी. हा धडा धुण्याच्या पिंपापासून वर आलेल्या त्या बाईने १९१७ सालीच घालून दिला आहे.