पदवीचा जमाखर्च

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. सरकारी विद्यापीठातील शिक्षण स्वस्त, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु फीच्या पावतीवरील आकडा हा खर्चाचा एक भाग झाला. उरलेला खर्च घर सोशीत असते आणि त्याची पावती कोणी देत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे पाहिले असता हे ध्यानी येते. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले. तुटपुंज्या पेन्शनीवर दोन मुलगे शिकविणे जमेना, तेव्हा थोरले आनंदराव शाळा सोडून नोकरीस लागले आणि धाकट्या भीमरावांचे शिक्षण चालू राहिले. त्यांना पुस्तक हवे झाले की रामजी लग्न झालेल्या लेकींकडे जात, एखादा दागिना मागून आणून गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती येताच तो सोडवून परत करीत.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना भीमरावांना महाराज सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. घरखर्च महिन्यामागून महिना येतो. हे साहाय्यही तसेच दरमहा येत गेले, हे तिचे मोठे महत्त्व. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी निवर्तले.

दागिने सोडवून परत करता आले. आनंदरावांची सुटलेली शाळा मात्र सुटली ती सुटलीच. पदवीचा हिशेब मांडताना ही रक्कमही खर्चाच्या बाजूस लिहावयास हवी.