माळ्यावरचं चौंडकं

माळ्यावरून चौंडकं खाली काढलं तेव्हा त्याच्या पोटात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं होतं. कातडं फाटून शिळ्या भाकरीसारखं कडक झालेलं, तात तुटलेली, तातेच्या टोकाची लाकडी मूठ मात्र शाबूत. कडेला भंडाऱ्याचा पिवळा डागही तसाच. म्हसवडच्या कोरड्या हवेत लाकूड लवकर कुजत नाही. आजी जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि ती असेपर्यंत त्या चौंडक्याला कुणाचा हात लागला नव्हता.

आजी जतकडची. तिच्या सगळ्या गोष्टी मार्गशीर्षात घडायच्या. प्रतिपदेला आमच्या सिद्धनाथाचा रथ, गुलाल-खोबऱ्याची उधळण, चांगभलंचा गजर, आणि त्याच महिन्यात पुढं जतच्या यल्लमाची जत्रा. रथ झाला की जोगतिणींचा एखादा मेळा आमच्या सोप्यात रात्र काढून जतच्या वाटेला लागायचा. डोक्यावर देवीचा जग, हातात परडी, काखेत चौंडकं. आजी परडीत जोंधळ्याचं पीठ घालायची, तेल घालायची, पायावर पाणी घालायची. त्या वाजवायला बसल्या की मात्र उठून आत जायची. आम्हाला वाटायचं, तिची कामं राहिली असतील.

एकदा मी पत्र्याच्या डब्याला भोक पाडलं, त्यातून सुतळी ओवली, डबा काखेत धरला आणि सुतळी ताणून छेडत अंगणभर फिरले. आवाज हुबेहूब चौंडक्याचा निघत होता. आजीनं येऊन माझ्या मुस्काटात मारली. तिनं मला मारलेलं ते तेवढंच.

त्या रात्री समजूत काढायला म्हणून तिनं गोष्ट सांगितली. परशुरामानं दैत्याचं मुंडकं तोडलं, त्याच्याच शिरांची तात केली, आणि रेणुकामाईचा शोक उतरावा म्हणून तिच्यापुढं ते वाजवलं. तेच चौंडकं. मला गोष्ट आवडली, भीतीही वाटली. डब्याला हात का लावायचा नाही, ते मात्र त्या गोष्टीतून कळलं नाही.

घरातल्या पुरुषांच्या गोष्टी दुष्काळाच्या असायच्या. राजेवाडीचा तलाव इंग्रजांच्या अमदानीत दुष्काळी कामावर उभा राहिला, तिथं आपल्या पणज्यानं माती वाहिली, इथून सुरुवात व्हायची. मग गाडी बहात्तर सालावर यायची. धाकटे आजोबा सांगायचे, खडी फोडायच्या कामावर एक जोगतीण होती. दिवसभर ती बाकीच्या बायांबरोबर खडी फोडायची, हाताला फोड यायचे, आणि रात्री त्याच हातांनी चौंडकं वाजवायची. लोक आपल्या वाट्याच्या सुकडीतली मूठभर तिला द्यायचे. आजोबा म्हणायचे, "त्या वर्षी परडीत टाकायला कुणाच्या घरात दाणा न्हवता. तरी कुणी तिला रिकामी झोपू दिली न्हाई." ही गोष्ट चालू असतानाही आजी चुलीपुढून हलायची नाही.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी तिनं सांगितलं. मी माळ्यावरची भांडी उतरवत होते, चौंडकं दिसलं, विचारलं. आजी म्हणाली, "ती माझी थोरली." नववं वरीस लागलं आणि केसात जट आली. आई-बापानं देवीचं बोलावणं मानलं आणि गळ्यात माळ घालून तिला देवीला वाहिली. आजी तेव्हा सहा वर्षांची. बहीण गावोगाव हिंडायची, दोन-तीन वर्षांतून एकदा म्हसवडला यायची आणि सोप्यातच निजायची, आत यायची नाही. एका वर्षी मेळा आला, त्यात ती नव्हती. बरोबरच्या बायांनी चौंडकं आणून दिलं. "नाव काय होतं तिचं?" मी विचारलं. आजीनं उत्तर दिलं नाही.

पुढं मी आजीच्या वयावरून हिशोब लावत बसले. मुंबई सरकारनं देवदासी वाहण्याविरुद्ध कायदा केला तो १९३४ साली. म्हणजे पोरीच्या गळ्यात माळ पडली तेव्हा कायदा होता. पण जत तेव्हा डफळ्यांचं संस्थान, आणि इलाख्याचा कायदा संस्थानाच्या हद्दीत लागू नव्हता. एवढ्याशा अंतरानं एका मुलीचं आयुष्य इकडचं तिकडं झालं. कर्नाटकानं १९८२ साली आणि महाराष्ट्रानं २००५ साली नवे कायदे केले. पोरींच्या केसातली जट कापून त्यांना शाळेत धाडणारे कार्यकर्ते गावोगाव फिरले. ही प्रथा मोडलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण मग चौंडक्याचं काय करायचं? मराठी वाचकाला हे नाव राजन गवस यांच्या १९८५ च्या ‘चौंडकं’ कादंबरीनं दिलं, २००९ च्या ‘जोगवा’ चित्रपटानं ते घराघरांत नेलं. वाजवणारे हात मात्र कमी होत चालले. ज्यांना येतं त्यांतल्या बऱ्याच वयस्कर. त्यांना ते देवीला वाहिल्यामुळं आलं, म्हणून त्या सहसा कुणाला शिकवत नाहीत, आणि आम्ही चांगल्या घरचे लोक लाजेनं त्याचं नाव घेत नाही. बळ्ळारीकडच्या लोककलावंत मंजम्मा जोगतींना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की ही कला त्या गळ्यातल्या माळेपासून सोडवून घेता येईल. आपल्या घरात एक सोपा आहे, आणि माळ्यावर एक चौंडकं आहे.

पौषात लग्नं नसतात, जत्रांचीही गर्दी ओसरलेली असते. म्हणून चौंडकं शिकायला पौषातला एक शनिवार-रविवार धरला. जत, कवठेमहांकाळ, गडहिंग्लजकडून पाच वयस्कर बाया आल्या, अथणीकडचे एक जोगते आले. शिकायला आठ जण, त्यांतली चार कॉलेजची पोरं. सोप्यात घोंगड्या अंथरल्या, हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, ठेचा. निमंत्रणातच लिहिलं होतं की वाजवणाऱ्या शिक्षिका म्हणून येतील आणि त्यांना मानधन मिळेल.

पहिल्या सकाळी काही चौंडकी अर्ध्या सुरानं चढली. गडहिंग्लजच्या पावसाळी मुलखातून आलेलं कातडं माणदेशाच्या हवेत आवळून बसलं. तिथली बाई म्हणाली, "आमच्याकडं इस्तवावर धरावं लागतं, हितं नुसतं दारात ठेवलं की झालं."

चौंडकं कधी पाहिलं नसेल त्याच्यासाठी सांगते. लाकडाचा पोकळ नळकांडा, एक तोंड कातड्यानं मढवलेलं, दुसरं उघडं. कातड्याच्या मध्यातून ओवलेली तात पोटातून उघड्या तोंडानं बाहेर काढलेली, आणि तिच्या टोकाला मूठ. नळकांडा डाव्या काखेत दाबायचा, डाव्या हातानं मूठ खेचून तात ताणायची, उजव्या हातातल्या काडीनं छेडायची. ताण वाढला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. दोन सुरांच्या मधे कुठं पायरीच नाही, म्हणून ते माणसासारखं कण्हतं, हसतं, विचारतं. बंगालच्या बाऊलांचा खमक आणि मेवातचा भपंग ही त्याची भावंडं. भरतमुनींनी वाद्यांचे चार वर्ग केले, तंतूंची तत आणि कातड्याची अवनद्ध हे त्यांतले दोन. चौंडकं दोन्हीकडं आहे. युरोपात १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी वाद्यांची वर्गवारी केली तेव्हा अशा वाद्यांना छेडायच्या चर्मवाद्यांत घातलं. पुढं केंब्रिजचे लॉरेन्स पिकेन म्हणाले की नाही, कंप पावते ती तात, तेव्हा हे तंतुवाद्यच. दोन दिवस ऐकून मला पिकेन पटले. पण कातडं नसतं तर त्या तातेचं कुणी ऐकलं नसतं, हेही खरं.

कॉलेजातल्या एका मुलानं भंगारवाल्याकडचा ताणकाटा आणला होता. मुठीला आकडा अडकवून खेचलं. खालचा सा किलोच्या आसपास लागला, आणि वरच्या सा ला काटा चाराच्या जवळ गेला. तो समजावून सांगत होता, की सूर दुप्पट उंच करायचा तर ताण चौपट लागतो. आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या, ज्यांना सगळे आक्का म्हणत, त्यांनी काट्याकडं बघितलंही नाही. "माझ्या खांद्याला इचार की," त्या म्हणाल्या. साठ वर्षं त्या एका हातानं तो ताण पेलत आल्या होत्या.

त्याच आक्कांनी दुपारी एका मुलीचा हात झटकला. मुलीनं त्यांचं चौंडकं उचलायला हात पुढं केला होता. "लावू नगं. ह्ये शिकायचं नसतंया. ह्ये लागतंया." सोपा गप्प झाला. मुलगी एकोणीस वर्षांची, केस सुंदर विंचरलेले, वेणी घातलेली. आक्का त्या वेणीकडं बघत होत्या. मला वाटलं, संपलं इथंच. संध्याकाळपर्यंत त्यांनी कुणाला एक बोल सांगितला नाही. रात्री बाकीच्या निजल्यावर अंगणात ती मुलगी त्यांचे पाय चेपत बसलेली दिसली. दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

रविवारी नवं चौंडकं मढवायचं होतं. शिवणीच्या लाकडाचा नळकांडा सुताराकडून करून घेतला होता, शेळीचं कातडं रात्रभर भिजत घातलं होतं. आक्का न बोलावता पुढं येऊन बसल्या. कातड्याच्या मध्यावर आधी चामड्याची टिकली ठेवायची, म्हणजे तात कातडं फाडत नाही, हे त्यांनी दाखवलं. गाठ मारताना मुलीचं बोट धरून गाठीवर ठेवलं. तात ओवून झाली तशी जतच्या बाईनं सवयीनं भंडाऱ्याची पिशवी सोडली. आक्कांनी तिचा हात धरला.

"ह्येला भंडारा लावू नगा. ह्ये देवीचं न्हवं. पोरीचं हाय."

मग त्यांनी ते मुलीच्या काखेत दिलं, स्वतः मागं बसल्या, आणि तिची कोपरं दोन्ही हातांनी धरून पहिला सूर खेचायला लावला. ओलं कातडं होतं, आवाज भसाडा आला. "वाळू दे. उद्या बोलंल."

जाताना मानधनाची पाकिटं दिली. कवठेमहांकाळच्या बाईनं पाकीट परडीत टाकलं, पुन्हा काढलं, आणि कनवटीला लावलं.

सगळे एसटी स्टँडकडं निघाले तेव्हा मी आक्कांना थांबवून माळ्यावरचं चौंडकं दाखवलं. आजीच्या बहिणीचं, एवढंच सांगितलं. त्यांनी कातड्याकडं पाहिलं नाही, मूठ हातात घेतली. अंगठ्याच्या जागी लाकूड झिजून खोलगट झालं होतं. डाव्या हातात धरली, अंगठा त्या खळगीत बसेना. उजव्या हातात घेतली आणि तो अलगद बसला.

"डावरी व्हती गं," आक्का म्हणाल्या. "डाव्या हातानं वाजवायची."

आजीनं तिचं नावसुद्धा मला सांगितलं नव्हतं. ती डावरी होती, हे मला तिच्या मुठीनं सांगितलं.